हाऊस म्युझिक आणि बेस सिंथ: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट या भागात घरच्या घरी हाऊस ट्रॅक करणारी मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून जास्त प्रश्न बेसचे, म्हणजे खालच्या जाड सुरांचे आणि ते काढणाऱ्या सिंथचे (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे) असतात, म्हणून त्यांची उत्तरंही मोठी आहेत. घाईत असाल तर ४, ५ आणि ९ आधी वाचा.

१. हाऊस म्हणजे मिरवणुकीत वाजतं तेच डीजे म्युझिक ना?

नाही. मिरवणुकीतल्या रीमिक्समध्ये लोकांच्या ओळखीचं गाणं आधी असतं आणि त्याखाली ठेका बसवलेला असतो. हाऊसमध्ये ठेका आणि बेस हाच ट्रॅकचा कणा. गळा असला तर असला, नसला तरी चालतं. सांगाडा साधा आहे: चारही मात्रांवर किक (ड्रमचा खोल ठोका), दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर क्लॅप (टाळी), दोन मात्रांच्या मध्ये उघडा हाय-हॅट (झांजेसारखा आवाज). वेग साधारण ११८ ते १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढ्या मात्रा. एकच बेसलाइन सहा-सात मिनिटं चालते आणि बदल हळूहळू होतात. हे संगीत शिकागोत १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आकाराला आलं. तिथल्या ‘वेअरहाऊस’ या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स १९७७ पासून वाजवत होते आणि हाऊस हे नाव त्या क्लबवरूनच आलं असं मानतात. पुढे १९९८ मध्ये रीमिक्सरसाठीचा पहिला ग्रॅमी त्यांनाच मिळाला.

२. सगळे टीबी-३०३ बद्दल एवढं का बोलतात? त्याचा आपल्याशी काही संबंध आहे का?

रोलँड या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने हे छोटं बेस यंत्र १९८१ मध्ये आणलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला मागे बेस मिळावा, हा हेतू. खऱ्या बेस गिटारसारखं ते वाजलं नाही, प्रोग्रॅम करायलाही किचकट होतं, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. जेमतेम १०,००० नग बनले असावेत. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने नोट वाजत असताना कटऑफ (वरचा आवाज कुठून कापायचा ते ठरवणारी खुंटी) आणि रेझोनन्स (त्या कापाच्या जागी धार देणारी खुंटी) फिरवत ठेवले. १९८७ मध्ये त्यांची रेकॉर्ड आली आणि अ‍ॅसिड हाऊस हा प्रकार रूढ झाला.

आपला संबंध त्याही आधीचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा राग डिस्को ठेक्यावर बांधले, तेही टीबी-३०३, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन. त्या वेळी फारसं कोणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध झालं तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले. त्यांनी अ‍ॅसिड हाऊस ‘शोधलं’ असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, कारण शिकागोपर्यंत ते पोहोचलंच नव्हतं. पण राग आणि ३०३ यांची गाठ मुंबईत पडली होती, हे प्रत्येक मराठी निर्मात्याला माहीत असायलाच हवं.

३. माझ्याकडे साधा लॅपटॉप आणि हेडफोन आहेत. हार्डवेअर सिंथ घ्यावाच लागेल का?

नाही. ८ जीबी रॅम, कोणतंही एक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आणि तार असलेले, कान झाकणारे हेडफोन पुरतात. ब्लूटूथ हेडफोन नकोत. की दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि ठेका बिघडतो. ‘सर्ज एक्सटी’ हा लॅपटॉपवरचा सिंथ पूर्ण मोफत आहे, ‘व्हायटल’ची मोफत आवृत्ती मिळते. दोन्ही हाऊसच्या बेसला भरपूर झाले. चोरीचे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे असे सिंथ) भरू नका. व्हायरस हा एक धोका, आणि पुढे काम विकताना ते अडचणीत आणतात ते वेगळंच. वाजवताना बफर (लॅपटॉप आवाज किती मोठ्या तुकड्यांत हाताळतो ते सेटिंग) १२८ ठेवा, मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ करा. दहा सिंथ जमवण्यापेक्षा एकच सिंथ असा हाताळा की प्रीसेटची (तयार आवाजांची) यादी उघडावीशी वाटणार नाही.

४. हाऊसचा साधा, भरदार बेस शून्यापासून कसा करायचा?

कोणत्याही सिंथवर चालेल अशी कृती:

ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) एकच, सॉटूथ म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या लहरीचा. त्याखाली एक सप्तक खाली सब ऑसिलेटर, साइन किंवा स्क्वेअर, मुख्य आवाजाच्या निम्मा. सिंथ मोनोवर ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल. युनिसन आणि कोरस (आवाज रुंद करणारी सेटिंग) बंद.

फिल्टर लो-पास (वरचे आवाज कापणारा), २४ डीबीचा. कटऑफ २०० ते ४०० हर्ट्झच्या मध्ये, रेझोनन्स १० ते २० टक्के. रेझोनन्स जास्त चढवला की बहुतेक फिल्टरमध्ये खालचा भराव पातळ होतो, आणि ‘बेस गेला कुठे?’ या तक्रारीचं हे नेहमीचं कारण असतं.

फिल्टरचा एन्व्हलप (सुराबरोबर फिल्टर कसा उघडतो-मिटतो ते): अटॅक (चढायचा वेळ) जवळजवळ शून्य, डिके (उतरायचा वेळ) १८० ते २५० मिलिसेकंद, सस्टेन (की धरल्यावर टिकणारी पातळी) शून्य, प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास. आवाजाच्या एन्व्हलपला अटॅक १-२ मिलिसेकंद द्या. अगदी शून्य ठेवला तर प्रत्येक सुराच्या सुरुवातीला टिक् असा आवाज येतो. रिलीज (की सोडल्यावर विरायचा वेळ) ४० ते ६० मिलिसेकंद.

सूर ई१ ते सी२ (अक्षर सुराचं, आकडा सप्तकाचा) च्या पट्ट्यात, म्हणजे ४१ ते ६५ हर्ट्झ. सब लावला असेल तर मुख्य ऑसिलेटर एक सप्तक वर घ्या, नाहीतर सब २०-३० हर्ट्झवर जाईल. तिथे स्पीकरचा कोन नुसता हलतो, ऐकू काही येत नाही. एक फसगत इथे नेहमी होते: काही सॉफ्टवेअर याच ई१ ला ई० म्हणतं. नावापेक्षा हर्ट्झ पाहा.

५. ३०३ चं प्लगइन आहे, सगळ्या खुंट्या फिरवून झाल्या, तरी बेस सपाट वाटतो. काय चुकतंय?

खुंट्यांमध्ये काही चुकत नाहीये. जीव असतो तो स्लाइड, अ‍ॅक्सेंट आणि रिकाम्या पायऱ्यांमध्ये (पायरी म्हणजे मात्रेचा चौथा भाग).

स्लाइड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं, आणि त्या वेळी एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही. ३०३ मध्ये या घसरणीला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात, सूर जवळ असो की लांब. १२४ बीपीएमला एक पायरी १२१ मिलिसेकंदांची असते, म्हणजे अर्धी पायरी घसरण्यातच जाते. पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये सूर मांडायच्या चौकटीत) हे आणायचं तर पहिला सूर पुढच्या सुरावर थोडा चढवा आणि लेगाटो (सूर न तोडता जोडून वाजवणं) चालू करा. बाकीचे सूर अर्ध्या पायरीइतकेच लांब ठेवा. सगळे सूर पूर्ण लांबीचे काढले की सपाटपणा येतो.

अ‍ॅक्सेंट म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. त्या सुरावर फिल्टरही जास्त उघडतो आणि डिके आखूड होतो, तुमची डिकेची खुंटी कुठेही असली तरी. शिवाय लागोपाठ दोन-तीन अ‍ॅक्सेंट दिले तर यंत्रातला कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, आणि प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा जास्त उघडत जातो. तो चढत जाणारा ‘वॉव’ याचाच. साध्या सिंथवर हे जमवायचं तर व्हेलॉसिटीला (की किती जोरात दाबली त्या मापाला) आवाज आणि फिल्टर एन्व्हलपचं प्रमाण, दोन्ही जोडा.

करून बघण्यासाठी एक पॅटर्न देतो, १६ पायऱ्यांचा, ए मायनरमध्ये. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर ए१, सातव्या पायरीवर सी२ अ‍ॅक्सेंटसह, आठव्यावर ए१, अकराव्यावर जी१, बाराव्यावर ए१ अ‍ॅक्सेंटसह, पंधराव्यावर ए२ आणि तिथून स्लाइड घेऊन सोळाव्यावर जी१. बाकी सगळं रिकामं. किक १, ५, ९, १३ वर आहे आणि बेस त्यातल्या एकाही पायरीवर नाही, हे लक्षात आलं असेल. आता स्क्रीनवरून नजर काढा आणि कटऑफ हाताने फिरवा, एका फेरीला आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) तरी घ्या. बहुतेक जण फार घाईने फिरवतात.

६. पहिला हार्डवेअर बेस सिंथ कोणता घेऊ?

हाताळून शिकायचं असेल तर कॉर्गचा व्होल्का बेस. तीन ऑसिलेटर, १६ पायऱ्यांचा सीक्वेन्सर (भरलेले सूर क्रमाने वाजवणारा भाग), आणि सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी काम थांबत नाही. ३०३ चाच आवाज हवा असेल तर बेहरिंगरचा टीडी-३ किंवा रोलँडचा टीबी-०३. एकदाच खर्च करून बेस, लीड, इफेक्ट सगळं करायचं असेल तर नोव्हेशनचा बेस स्टेशन २. त्याचे ऑसिलेटर डिजिटली नियंत्रित असल्यामुळे उन्हाळ्यात सूर हलत नाही (प्रश्न ११). आम्ही निवड करायला बसलो तर शिकणाऱ्याला व्होल्काच देऊ. मूळ टीबी-३०३ काही लाखांत जातो, त्या पैशात अख्खी खोली उभी राहते.

जुना घेताना प्रत्यक्ष भेटून घ्या. प्रत्येक खुंटी वाजत्या सुरावर सावकाश फिरवा. खरखर आली तर आत धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बऱ्याचदा जाते, पण किंमत पाडायला मुद्दा मिळतो. हेडफोनची पिन हलवून आवाज तुटतो का पाहा. सेलचा कप्पा उघडून हिरवट-पांढरी बुरशी आहे का बघा. असली तर नाद सोडा.

७. अ‍ॅडॉप्टर हरवला. पेठेतल्या दुकानातून ९ व्होल्टचा कोणताही घेतला तर चालेल?

व्होल्ट जुळणं पुरेसं नाही. पिनच्या आत प्लस आहे की मायनस, हे यंत्रावरच्या खुणेशी जुळवा. व्होल्काला आत प्लस लागतो, गिटार पेडलच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरना आत मायनस असतो. उलटा लावला तर यंत्र जळू शकतं. अँपिअर सांगितल्याइतके किंवा जास्त चालतात, कमी नाही.

८. सिंथ इंटरफेसला (आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या यंत्राला) जोडला की ‘घूं’ असा आवाज येतो. मी वाजवत नसतो तेव्हाही.

तो ५० हर्ट्झचा विजेचा आवाज. हाऊस करणाऱ्याला तो विशेष नडतो, कारण जी१ हा सूर ४९ हर्ट्झवर आहे. दोघे एकत्र आले की सेकंदाला एकदा फुगणारा-बसणारा हेलकावा ऐकू येतो आणि माणूस तासभर सिंथच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष चार्जर आणि यूएसबीच्या मार्गाचा, तिथे यूएसबी आयसोलेटर किंवा सिंथ आणि इंटरफेसच्या मध्ये डीआय बॉक्स लावा (दोन्ही यंत्रांमधला विजेचा थेट दुवा तोडतात). गेला नाही तर लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर, सिंथ सगळं एकाच बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनला मागे तारच नसते. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतू शकतं.

९. किक आणि बेस एकत्र आले की सगळं चिखल होतं. साइडचेन लावूनही.

साइडचेन (किक वाजली की बेस आपोआप दाबणारी जोडणी) हा शेवटचा उपाय आहे, लोक तो पहिला करतात. क्रम असा ठेवा.

पहिलं, बेसचे सूर किकच्या पायऱ्यांवरून उचला (प्रश्न ५ मधला पॅटर्न). दुसरं, किकची शेपूट आखूड करा. १२४ बीपीएमला एक मात्रा ४८४ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा २४२ ची. किक २०० मिलिसेकंदांत संपली तर ऑफबीटचा (दोन मात्रांच्या मधला) बेस मोकळा वाजतो. तिसरं, किकचा मूळ सूर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर पाहा. किक ५५ हर्ट्झवर, म्हणजे ए१ वर, आणि ट्रॅक जी शार्पमध्ये असेल तर दोघे कायम भांडणार. किक ट्यून करा किंवा दुसरी निवडा. चौथं, खालचा मजला कोणाचा ते ठरवा. किक ५० ला जाड असेल तर बेसला ७० ते १२० मध्ये राहू द्या. दोघांना तळ देता येत नाही.

हे सगळं झाल्यावर साइडचेन: अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत, रेशो ४:१, रिलीज १२० ते १८०, घट ४ ते ६ डीबी. रिलीज फार लांब ठेवला तर ऑफबीटचा बेस दबलेलाच राहतो आणि ट्रॅक धापा टाकतो.

१०. खोलीच्या भिंतींवर सोलापुरी चादरी लावल्या, तरी बेस कधी खूप, कधी गायब. असं का?

चादर वरचे, चिरके आवाज खाते. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते, तिच्यापुढे चादर असून नसल्यासारखी. १२ बाय १० फुटांच्या खोलीत साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झ हे सूर घुमतात. भिंतीशी ते फार मोठे आणि खोलीच्या बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसे. तुम्ही मध्यावर बसून बेस वाढवत जाता आणि तोच ट्रॅक दुसरीकडे फुटतो.

समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, म्हणजे १२ फुटांत साडेचार फुटांवर. कोपऱ्यांत ४ ते ६ इंच जाड रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) जमिनीपासून छतापर्यंत उभं करा. त्यावर गवसणी म्हणून चादर उत्तम, हवा आरपार जाते आणि धूळही आवरते. रॉकवूल उघडं ठेवू नका आणि हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरा. तोवर बेसचे निर्णय हेडफोनवर घ्या.

११. मे महिन्यात अ‍ॅनालॉग सिंथ बेसूर होतो. बिघडलाय का?

नाही. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा सूर तापमानावर हलतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ अंश आणि रात्री कूलर, या फरकात तो सरकणारच. सुरू करून १५-२० मिनिटं तापू द्या, मग ट्यून करा, आणि टेक घेण्याआधी पुन्हा तपासा. कूलरचा दमट झोत सिंथवर येऊ देऊ नका. काम झाल्यावर सुती कापड झाका. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो.

१२. हेडफोनवर बेस छान, मोबाइलवर नाहीच, आणि मंडळाच्या मोठ्या सिस्टीमवर नुसता गोंगाट. तिन्हीकडे कसा चालेल?

मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. पण ८२, १२३, १६४ हे त्याच सुराचे वरचे घटक ऐकू आले की कान मूळ सूर स्वतः भरून घेतो. म्हणून बेसवर सॅच्युरेशन (वरचे घटक वाढवणारी हलकी विस्कट) द्या, किंवा बेसची नक्कल करून तिच्यातलं १५० च्या खालचं कापा, ती विस्कटवा आणि मूळ बेसखाली हळूच मिसळा.

मोठ्या सिस्टीमसाठी १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे एकसारखं ठेवा. स्टिरिओ रुंद केलेला बेस मोनोत आल्यावर स्वतःलाच खोडतो. ३० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लावा, नाहीतर अँप्लिफायरची ताकद न ऐकू येणाऱ्या आवाजात जाते. ट्रॅक स्ट्रीमिंगवर टाकणार असाल तर स्पॉटिफाय तो -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणून ठेवतो, त्यामुळे चिरडून मोठा करण्यात तिथे फायदा नाही. मास्टरिंगला पाठवताना २४ बिट वेव्ह फाइल, शिखर -६ डीबीपर्यंत, मास्टरवर लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) नको.

१३. हलगी, सनई, मागाचा खटखटाट, हे हाऊसमध्ये बसेल?

छान बसेल, आणि आमच्या मते इथल्या निर्मात्याची ओळख त्यातूनच होईल. हलगीचा ठोका कोरडा आणि टोकदार असतो, बेसच्या जागेत येत नाही. रेकॉर्ड करताना माइक दोन-तीन फुटांवर, तिरका. अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो. वाजवणाऱ्याच्या लयीला ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या आखीव रेघांवर) खेचू नका. उलट तिचा झोका काढून हाय-हॅटला लावा. यंत्रमागाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला तरी चालतो: टॅप टेम्पोने (ठोक्यांबरोबर बटण दाबून) त्याचा वेग मोजा, दोन बारचा तुकडा कापा, २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. कारखान्यात जाण्याआधी मालकाची परवानगी घ्या. सनईसारखा लांब सूर असेल तर बेस एका षड्जावर धरून ठेवा, सुरांच्या उड्या टाळा.

१४. जुन्या लावणीचे चार सेकंद वापरले तर चालतं ना?

नाही. अमुक सेकंदांपर्यंत माफ, असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. परवानग्या दोन लागतात: रेकॉर्डिंगची, आणि शब्द व चालीची. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. म्हणून रेकॉर्ड जुनी असली तरी गाणं मोकळं असेलच असं नाही. संतांच्या अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण अमुक गायकाचं त्या अभंगाचं रेकॉर्डिंग नाही, आणि नवी बांधलेली चालही नाही. ओळखीच्या गायिकेकडून अभंग नव्या चालीत गाऊन घेणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. तिच्याशी मानधन आणि हक्कांचा एक पानी करार करा.

१५. ट्रॅक प्रसिद्ध केला. पैसे कुठून आणि कसे येतात?

डिस्ट्रिब्युटर तुमचा ट्रॅक सगळ्या सेवांवर टाकतो, आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख) देतो आणि रेकॉर्डिंगचे पैसे गोळा करतो. संगीतकार म्हणून मिळणारा वाटा त्यात येत नाही, त्यासाठी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक ट्रॅक नोंदवा. ही नोंद बरेच जण करतच नाहीत. भारतातल्या कंपनीने रॉयल्टी देताना १० टक्के टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून हिशेबात घेता येतो. अमेरिकी रॉयल्टीवर डब्ल्यू-८बीईएन अर्ज (आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत हे सांगणारा) भरला नाही तर ३० टक्के कापतात, भरला तर भारत-अमेरिका कर-करारानुसार १५. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. पण सुरुवातीला स्ट्रीमिंगवर घर चालेल ही अपेक्षा ठेवू नका.

१६. सोलापुरात राहून यात करिअर होईल, की पुण्याला जावंच लागेल?

निर्मिती इथून होते, वाजवणं मात्र बहुतेक बाहेर. हाऊस ऐकायला पैसे देणारा वर्ग पुणे, मुंबई, गोवा, हैदराबादेत आहे. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडं वर, म्हणजे शनिवारी जाऊन रविवारी परत येता येतं. इथे भाडं कमी, त्यामुळे एका ट्रॅकवर जास्त दिवस घालवता येतात. ही खरी जमेची बाजू आहे.

हातखर्च निघतो तो लग्नाच्या संगीताचे एडिट, जाहिरातींच्या जिंगल, दुसऱ्यांच्या ट्रॅकचं मिक्सिंग, सॅम्पल पॅक आणि शिकवण्या यांतून. दुसऱ्याच्या नावाने ट्रॅक बनवून देत असाल तर नाव, हक्क आणि पुढच्या रॉयल्टीचं आधी लिहून घ्या, निम्मे पैसे आगाऊ.

लेबलला पाठवताना दोन किंवा तीनच पूर्ण ट्रॅक, खासगी ऐकण्याची लिंक, चार ओळींचं पत्र. फाइल जोडू नका. त्या लेबलचे मागचे दहा ट्रॅक ऐकून मगच पाठवा. ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी १६ बार नुसती किक-पर्कशन ठेवा, डीजेला जोडायला जागा लागते. ती नसेल तर चांगला ट्रॅकही वाजवला जात नाही.

१७. कॉलेजच्या कार्यक्रमात व्होल्का आणि लॅपटॉप एकत्र वाजवायचे आहेत. वेग जुळत नाही.

व्होल्काच्या सिंकला प्रत्येक दोन पायऱ्यांना एक ठोका लागतो. तुमचं यंत्र मात्रेला २४ ठोके पाठवत असेल तर व्होल्का वेड्यासारखा धावेल. सोपा मार्ग म्हणजे मिडी (वाद्यं आणि सॉफ्टवेअर एकमेकांना सूचना पाठवतात ती पद्धत) केबलने मिडी क्लॉक, म्हणजे वेगाची सूचना, पाठवणं. वेग जुळला पण व्होल्का सतत थोडा मागे वाजत असेल तर सॉफ्टवेअरमधल्या मिडी क्लॉक डिलेमध्ये उणे १० ते ३० मिलिसेकंद द्या आणि किकशी कानाने जुळवा. मूळ टीबी-३०३ कोणी आणून दिला तर त्याला मिडी नाही, डिन सिंक (वेग जुळवायची जुनी पद्धत) आहे. प्लग दिसायला सारखाच पाच पिनांचा असतो, पण मधे कन्व्हर्टर लागतो. त्याचे पॅटर्न सेलवर टिकतात, म्हणून प्रवासात सेल काढून ठेवू नका.

उघड्या मैदानावर कार्यक्रम असेल तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. १२ पर्यंतची सूट वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच असते. परवानगीचा कागद आयोजकाकडून आदल्या दिवशी मागून घ्या आणि सेट साडेनऊला संपेल असा आखा, म्हणजे कोणी मध्येच फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढणार नाही.